हरत राहिलेली टीम परत कशी उभी करायची: गावच्या फुटबॉल मंडळासाठी पायरी-पायरीनं

डिसेंबरातली रात्र, टेम्पोच्या डाल्यात आमचे तेरा पोट्टे अन् बाहेरून आणलेले चार प्लेयर, ०-६ नं हरून वापस येत होतो. मी समोर केबिनमधे होतो. फाट्यावर गाडी थांबली, ते चौघं उतरले, ठरलेले पैसे मोजून घेतले अन् बॅगा उचलून गेले. त्यातल्या एकाचं पूर्ण नावसुद्धा आमच्या अर्ध्या पोट्ट्यांना माहीत नव्हतं. गाडी पुढं निघाली अन् मागं भांडण लागलं, कोणीतरी गोलकीपरला घालून-पाडून बोललं, त्यानं ग्लोव्ह्ज काढले अन् चालत्या गाडीतून रस्त्यावर फेकून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर दोन जण आले होते.

आमचं गाव वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यातलं. एकीकडं खाणीच्या मातीचे ढिगारे, दुसरीकडं कपाशी. फुटबॉल इकडं वेकोलिच्या, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीच्या, कॉलन्यांमधून आला अन् गावात रुजला, मी स्वतः बारा वर्षं स्टॉपर, म्हणजे मागचा मधला बचाववाला, खेळलो, आता टीम पाहतो. त्या रात्रीनंतर टीम नीट उभी राहायला दोन हंगाम पुरे लागले. काय-काय केलं अन् कोणत्या क्रमानं केलं ते लिहितो, कारण क्रम चुकला की तेच काम वाया जाते. आम्ही पहिल्यांदा कोच बदलला, मग जर्सी बदलली, मग प्लेयर विकत आणले, अन् ज्याच्यापासून सुरू करायचं होतं ते शेवटी केलं.

पहिली पायरी: आधी घरोघरी जा

टीम मोडकळीला आली की लोक लगेच बैठक बोलावतात. बैठक नका बोलावू. बैठकीत जे चार जण नेहमी बोलतात तेच बोलतील, बाकीचे मोबाइल पाहत बसतील. त्याऐवजी दहा-पंधरा दिवस सराव बंद ठेवा अन् प्रत्येक प्लेयरच्या घरी, नाहीतर वावरात, एकट्यानं जा. जे सोडून गेले त्यांच्याकडं तर आधी जा. तीनच प्रश्न विचारा: तू यायचं कायले बंद केलं, टीममधे कोणाचा धाक वाटतो, अन् तुझ्या हातात असतं तर तू पहिले काय बदललं असतं. उत्तर आलं की वाद नाही घालायचा, सफाई नाही द्यायची, फक्त ऐकायचं अन् घरी आल्यावर वहीत लिहून ठेवायचं.

मी बावीस घरं फिरलो. मला वाटत होतं की पोट्टे मोबाइलच्या नादी लागले. खरी कारणं वेगळीच निघाली. सहा जण असे होते की त्यांना वर्षभरात एकही मॅच खेळवली नव्हती, फक्त गाडीत नेऊन बसवलं होतं. मंडळाचा पैसा कुठं जातो ते कोणालाच माहीत नव्हतं, अन् जिथं माहीत नसते तिथं संशय असतोच. चौघांचे बूट फाटले होते अन् सांगायची लाज वाटत होती. गोलकीपर म्हणाला, "भाऊ, गोल झाला की सारे माह्याकडं पाहतात, त्याच्या आधी दहा जण चुकले ते कोणी पाहत नाही." तो पोट्टा चार वर्षं आमच्यासाठी झेपा टाकत होता अन् एवढं वाक्य ऐकायला मी चार वर्षांत एकदाही त्याच्या घरी गेलो नव्हतो.

घरी गेल्यावर आई-बाबांशीही बोला. "काका, पोराला सकाळून दीड तास सोडा, सात वाजता तो वावरात पोचेल याची जबाबदारी माझी" असं एकदा तोंडावर कबूल करून पाळलं की अर्ध्या गैरहजेऱ्या संपतात. आमच्याकडं तरी संपल्या.

दुसरी पायरी: पैशाचा हिशेब भिंतीवर

ही पायरी लोकांना खेळाशी लांबची वाटते, पण माझ्या अनुभवात सरावाच्याही आधी हीच. वर्गणी किती आली, सरपंचांनी किती दिले, एंट्री फी किती गेली, टेम्पोभाडं किती, बॉल किती, बक्षिसाचे किती आले अन् कोणाकडं ठेवले, सारं एका मोठ्या कागदावर लिहून मंडळाच्या खोलीत बाहेरून दिसेल असं चिकटवा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदला. पैसे ठेवणारा एक अन् वही लिहिणारा दुसरा असावा, दोघं एकाच घरातले नसावे. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की बाहेरच्या प्लेयरवर एका हंगामात जेवढं उडवलं तेवढ्यात साऱ्या टीमचे बूट आले असते. मग पुढच्या वर्षी बूटच आणले. मंडळ रजिस्टर नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात करून घ्या, बँकेत खातं मंडळाच्या नावानं निघते अन् मदत देणाराही मोकळ्या मनानं देतो.

तिसरी पायरी: नियम चार, पण साऱ्यांना सारखे

वीस नियम लिहिले तर एकही पाळला जात नाही. आम्ही चार ठेवले अन् तेही पोट्ट्यांनी बसून ठरवले, मी फक्त लिहून घेतले. आठवड्यात ठरलेल्या सरावांपैकी तीनला हजर असलेलाच मॅचच्या यादीत येईल. यायला जमणार नसेल तर आदल्या रात्री ग्रुपवर कळवायचं, कारण कामाचं असेल तर ती गैरहजेरी धरायची नाही. मॅच चालू असताना आपल्या माणसाला शिवी नाही. दारू-खर्रा ग्राउंडवर नाही अन् मॅचच्या आदल्या रात्री कुठंच नाही. खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, मुद्दाम सांगतो, आमच्या भागात पंधरा-सोळाची पोट्टे खर्रा खातात, दम लागते अन् तोंडाचं वाटोळं होते ते वेगळं, त्या नियमाला माझ्याकडं काही सूट नाही.

हजेरीचं रजिस्टर म्हणजे शाळेत असते तसंच निळ्या पुठ्ठ्याचं, सुतळीनं गोलपोस्टला बांधलेलं, पेनही सुतळीलाच. पावसात भिजू नये म्हणून खताच्या थैलीचं प्लास्टिक शिवून कव्हर केलं. प्रत्येकानं आल्यावर स्वतःच्या हातानं वेळ अन् सही टाकायची. वर्षभरात त्या वहीची पानं चिखलाच्या बोटांनी काळी झाली, पण "मी तर येतच होतो" असं म्हणायची सोय राहिली नाही.

आता खरी परीक्षा. नियम पहिल्यांदा मोडतो तो टीमचा सगळ्यात चांगला प्लेयरच, कारण आजवर त्याला कोणी बोललेलं नसते. आमचा फॉरवर्ड, तालुक्यात नाव असलेला पोट्टा, एका आठवड्यात एकच दिवस आला अन् रविवारी सेमीफायनल होती. मी त्याला यादीतून काढलं. गावातले मोठे माणसं रात्री घरी आले, "यंदा राहू दे, फायनल झाल्यावर शिकव त्याले नियम." मी हात जोडले अन् नाही म्हटलं. मॅच ०-१ नं हरलो. आठ दिवस चौकात माझ्याशी कोणी धड बोललं नाही. पण ज्या सहा जणांना कधीच खेळवलं नव्हतं ना, त्या आठवड्यानंतर त्यांच्यापैकी एकाचाही खाडा पडला नाही, अन् फॉरवर्ड तिसऱ्या आठवड्यात साऱ्यांच्या आधी येऊन मैदानाच्या रेघांची फक्की मारत होता, मी काही बोललो नव्हतो. त्याच्याशी मी नंतर शांतपणे बसून बोललो, त्याच्या घरची अडचण होती, बाबांची तब्येत, ती त्यानं कळवली असती तर नियमातच सूट होती. म्हणून शिक्षा केल्यावर दोन दिवसांच्या आत त्या पोट्ट्याच्या घरी जा, त्याला तसंच सोडलं तर तो दुसऱ्या गावाकडून खेळायला लागते.

चंद्रकांत पंडित सर विदर्भाच्या रणजी टीमचे कोच झाले तेव्हा त्यांच्या शिस्तीची लय चर्चा झाली होती. २०१७-१८ पर्यंत विदर्भ कधी रणजीच्या फायनललाही पोचला नव्हता, त्या वर्षी इंदूरला दिल्लीला हरवून ट्रॉफी आणली अन् पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून परत जिंकली. त्यात फैज फजलसारखा वर्षानुवर्षं इथंच घासलेला कॅप्टन होता, रजनीश गुरबाणीची फायनलमधली हॅट्ट्रिक होती, अन् वसीम जाफरसारखा मोठा माणूस ड्रेसिंग रूममधे बसून पोरांना सांगत होता. खाणकामगाराच्या घरातून आलेला उमेश यादवही याच टीमचा. आपल्या मातीत हे होते, याच्यासाठी लांब जायची गरज नाही.

चौथी पायरी: वर्षाचं वेळापत्रक शेतीच्या हिशेबानं

शहरातल्या कोचिंगची वेळापत्रकं पाहून आमच्याकडं सराव लावला तर दोन महिन्यांत ग्राउंड रिकामं. आमचं वर्ष असं चालते, तुमच्या गावात थोडं मागं-पुढं होईल.

जूनमधे पेरणी, त्या पंधरा-वीस दिवसांत सराव ठेवूच नका, सुट्टी जाहीर करा म्हणजे कोणाला चोरट्यासारखं वाटणार नाही. जुलै-ऑगस्टमधे काळी माती चिकटते, बुटाला दोन-दोन किलोचा गोळा लागतो अन् गुडघे-घोटे मुरगळतात, तेव्हा रस्त्याच्या कडेनं धावणं अन् शाळेच्या व्हरांड्यात पोटाचे, पाठीचे व्यायाम. पोळ्याच्या आधी बॉल परत सुरू. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आली की सकाळी मजूर लवकर निघतात, सराव सांजच्याला न्या. नोव्हेंबर ते जानेवारी कापसाची वेचणी, अन् नेमक्या टूर्नामेंटाही तेव्हाच, इथंच टीम फुटते. ज्याच्या घरी वेचणी आहे त्याला शनिवारी वावरातून सोडवून आणायचं असेल तर शुक्रवारी चार पोट्टे त्याच्या वावरात वेचायला जा. आम्ही दोन वर्षं हे केलं. ओटीत कापूस भरत-भरत जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या ग्राउंडवर होत नाहीत, अन् त्या घरची काकू पुढच्या मॅचला स्वतः डबा पाठवते.

मार्च ते मे ऊन. चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको. सराव पहाटे साडेपाच ते पावणेसात, त्याच्या पुढं एक मिनिट नाही. कोणाला चक्कर, मळमळ, अंग तापलं पण घाम बंद, असं दिसलं तर लगेच सावलीत, अंगावर पाणी, ओले फडके, अन् गाडी काढून दवाखाना. थांबून पाहू असं म्हणायचं नाही.

पाचवी पायरी: कॅप्टन कोण अन् बाकी कामं कोणाची

कॅप्टन चिठ्ठीनं निवडा. प्रत्येकानं एक नाव लिहायचं, स्वतःचं सोडून. आमच्याकडं सगळ्यांना वाटलं होतं फॉरवर्ड येईल, चिठ्ठ्या उघडल्या तर डाव्या बाजूच्या हाफचं, म्हणजे मधल्या ओळीतल्या पोट्ट्याचं, नाव जास्त, तो मैदानावर जास्त बोलत नाही पण हरल्यावर शेवटपर्यंत थांबून जाळी सोडवतो, हे साऱ्यांनी पाहिलेलं होतं. कॅप्टन झाला की त्याला काहीतरी खरं ठरवायचा हक्क द्या, बदली खेळाडू कोण, पेनल्टी कोण मारणार, असं. नुसता दंडावर पट्टा बांधून काय होते.

बाकी कामं कागदावर नावानिशी: बॉलमधे हवा भरणं, पाण्याचे कॅन, फक्की, गाडी ठरवणं, जर्सी धुणं. दर महिन्याला कामं फिरवा अन् फॉरवर्डलाही पाण्याचा कॅन येऊ द्या. आधी आमच्याकडं पाणी नेहमी त्याच दोन पोट्ट्यांनी आणायचं असं चालत आलेलं होतं अन् ते दोघं कोणत्या घरचे, कोणत्या वस्तीतले, हे मी इथं सांगायची गरज नाही, गावात राहणाऱ्याला समजते. टीम करायची असेल तर हे पहिल्या दिवशी बंद झालं पाहिजे. एकाच कॅनचं, एकाच गिलासानं, सारे.

सहावी पायरी: सरावाचा आठवडा

हरणाऱ्या टीमला कोच लोक धावडवून-धावडवून मारतात. दम पाहिजेच, पण आठवड्यातून चार दिवस नुसतं राउंड मारायला लावलं तर कोणीही कंटाळतो. आमचा सव्वा तासाचा सराव असा असते.

पहिली वीस मिनिटं फिफा ११ प्लस. हा वॉर्म-अप फिफानंच दुखापती कमी करायसाठी तयार केलेला आहे, धावणं, ताकद, तोल, उड्या असं सारं त्यात आहे, बॉल सोडून काही सामान लागत नाही, नेटवर व्हिडिओ आहेत. आठवड्यातून निदान दोनदा केला तरच उपयोग. त्यातला मांडीच्या मागच्या शिरेचा व्यायाम, गुडघ्यावर बसून जोडीदारानं घोटे धरायचे अन् हळूहळू पुढं झुकायचं, तो पोट्टे टाळतात कारण दुसऱ्या दिवशी दुखते. टाळू देऊ नका, फॉरवर्ड लोकांची तीच शीर जाते.

मग पंधरा मिनिटं रिंगण. पाच जण बाहेर, दोन आत, बाहेरच्यांनी दोन टचमधे पास द्यायचा, आतल्यानं हिसकला की ज्याचा पास गेला तो आत. यात लाजणारा पोट्टाही बॉलला लागतो, अन् बॉल मागायची, नाव घेऊन ओरडायची सवय लागते. त्यानंतर छोट्या मैदानावर ४ विरुद्ध ४, पाच-पाच मिनिटांचे डाव, टीमा रोज बदलायच्या, चांगले चार एकीकडं कधीच नाही. शेवटची वीस मिनिटं टीमचा आकार.

आकाराबद्दल थोडं लांबवतो, कारण गावच्या टीमा इथंच जास्त गोल खातात. बॉल गेला की आमचे सारे हाफ समोरच उभे राहून पाहायचे अन् मागं दोन स्टॉपर विरुद्ध चार जण. मी मैदानावर फक्कीनं आडव्या दोन रेघा मारल्या, मागची ओळ अन् मधली ओळ यांच्यात पंधरा पावलांपेक्षा जास्त अंतर नाही, बॉल डावीकडं गेला तर सारी ओळ डावीकडं सरकायची, बॉल गेला की पहिले पाच सेकंद जवळच्या दोघांनी दाबायचं अन् बाकीच्यांनी पळत ओळीत यायचं. बॉलशिवायच चालत-चालत हे दहा दिवस केलं. पोट्टे हसायचे, लग्नाच्या वरातीसारखं वाटते म्हणायचे. पण सहा गोल खाणारी टीम दुसऱ्या महिन्यात एक-दोन गोलांवर आली अन् गोलकीपरनं नवीन ग्लोव्ह्ज मागितले. हरणाऱ्या टीमनं आधी गोल खाणं थांबवावं, गोल करणं मागून येते, माझं तरी हेच मत आहे.

खाण्याचं मोठं काही नाही. सरावानंतर भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, केळं, मंडळाच्या खर्चानं, यात कंजूषी नको. सकाळी उपाशी धावून थेट वावरात जाणारे पोट्टे असतात. उन्हात एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे पाणी कॅनमधे ठेवा. डोक्याला मार लागला अन् पोट्टा गांगरल्यासारखा वाटला तर त्या दिवशी परत मैदानात नाही, तो कितीही म्हणो.

बाहेरचे प्लेयर आणावे का

कबड्डीतलं एक उदाहरण देतो, सारे पाहतात म्हणून. प्रो कबड्डीच्या नवव्या सीझनला तमिळ थलायवाजनं पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखाला घेतलं, अन् तो पहिल्याच मॅचमधे जखमी होऊन पूर्ण सीझन बाहेर. साऱ्यांनी टीम संपली म्हटलं. ती टीम पहिल्यांदाच सेमीफायनलला गेली. पुढच्या सीझनला तेलुगू टायटन्सनं त्याच पवनला २ कोटी ६० लाखाच्या वर पैसे देऊन घेतलं, तो खेळलाही, अन् टीम २२ पैकी २ मॅच जिंकून साऱ्यात खाली राहिली. पवनचा यात दोष नाही, तो जबरदस्त प्लेयरच आहे. एका माणसावर सारा भार टाकला की बाकीचे सहा जण त्याच्याकडं पाहत राहतात.

गावात तेच. बाहेरचा आणायचाच असेल तर दोनच्या वर नाही, अन् तो निदान चार सराव आपल्या पोट्ट्यांसोबत करेल, आपल्या कोणाच्या घरी मुक्काम करेल, त्याला भाडं-जेवण सोडून किती दिले ते भिंतीवरच्या कागदावर लिहिलं जाईल. त्याच्यामुळं जो बाहेर बसेल त्याला आदल्या रात्री स्वतः जाऊन सांगा. मैदानावर यादी वाचताना कळलं तर तो पोट्टा गेला समजा.

हरल्यावर काय करायचं

नॉर्थईस्ट युनायटेड या गुवाहाटीच्या फुटबॉल क्लबचं मी जवळून पाहिलं, म्हणजे मोबाइलवरच, पण प्रत्येक मॅच. २०२२-२३ च्या आयएसएलमधे, म्हणजे इंडियन सुपर लीगमधे, ही टीम २० मॅचमधे एक जिंकली, दोन बरोबरीत, सतरा हरली, पाच पॉइंट, साऱ्यात खाली. मग हुआन पेद्रो बेनाली नावाचे स्पेनचे कोच आले. २०२३ च्या ड्युरँड कप या जुन्या फुटबॉल स्पर्धेत सेमीफायनलला ईस्ट बंगालविरुद्ध २-० नं पुढं होते, शेवटच्या क्षणी बरोबरी झाली अन् पेनल्टीवर हरले. अशी मॅच हरल्यावर टीमा फुटतात, कोण चुकला याची यादी निघते, आमच्या टेम्पोत निघाली होती तशी. यांनी कोच ठेवला, टीमचा गाभा ठेवला. पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक, ड्युरँडची फायनल, समोर मोहन बागान, ०-२ नं मागं. दुसऱ्या हाफात तीन-चार मिनिटांत दोन गोल मारून २-२ केले अन् पेनल्टीत त्यांचा गोलकीपर गुरमीतनं दोन अडवले. क्लबची पहिली मोठी ट्रॉफी. २०२५ ला परत तोच कप घेतला. ज्या टीमची २-० ची आघाडी गेली होती तीच ०-२ वरून वापस आली, अन् मला वाटते हे वर्षभर ड्रेसिंग रूममधे जे झालं असेल त्यातून आलं.

आमच्याकडं हरल्यानंतरचा नियम असा: गाडीत मॅचवर एक शब्द नाही. गाणी लावा, आलूबोंडा खा, झोपा. ग्रुपवरही त्या रात्री काही लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी सराव नाही, तिसऱ्या दिवशी सावलीत गोल बसायचं, वीस मिनिटं, घड्याळ लावून. आधी कोच स्वतःची एक चूक सांगतो, मग कॅप्टन, मग ज्याला वाटेल तो, अन् फक्त स्वतःचीच. दुसऱ्याची चूक सांगायची असेल तर कोचला एकट्यात. पहिल्यांदा बसलो तेव्हा मी सांगितलं की ०-३ झाल्यावर मी बदली करायची सोडून रेफ्रीशी भांडत होतो. थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग राइट बॅक म्हणाला, "सर, मी दुसऱ्या गोलच्या वेळी धावलोच नाही, थकलो होतो, सांगायची लाज वाटली." त्या दिवसापासून थकलेला पोट्टा हात वर करून बदली मागते.

लहान पोट्टे अन् पोरी

मोठी टीम सुधारायला लागली की लगेच खाली लक्ष द्या, नाहीतर तीन वर्षांत लग्न, नोकरी, पोलिस भरती यात अर्धे जातात अन् परत पहिल्यापासून. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मधे पावसात फुटक्या बादलीनं खेळणारी वस्तीतली पोरं पाहिली अन् त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा केला, ते आपल्यासमोर आहेच. शाळेच्या गुरुजींना भेटून सुब्रतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला टीम पाठवा, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती वर जाते. बारा वर्षांच्या आतल्यांना चार नंबरचा बॉल, मोठा पाच नंबरचा नको. मोठ्या टीममधल्या प्रत्येकाला दोन लहान पोट्टे वाटून द्या, त्यांची हजेरी त्यानं पाहायची. हे केल्यापासून मोठ्यांच्या तोंडातल्या शिव्या आपोआप कमी झाल्या, लहानं पाहत असतात ना. पोरींची टीम वेगळ्या वेळेला नका ढकलू, त्याच ग्राउंडवर, अर्ध्या भागात, त्याच वेळी, सोबत एक ताई किंवा मॅडम. आई लोकांना दिसते की सारे आहेत, मग पाठवतात.

एक गोष्ट पोट्ट्यांना अन् घरच्यांना स्पष्ट सांगा, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्याला ठरलेल्या स्तरावरच्या अधिकृत स्पर्धेचं सर्टिफिकेट लागते, गावोगावच्या ओपन टूर्नामेंटांच्या ढाली चालत नाहीत. म्हणून जिल्हा संघटनेकडं प्लेयरची नोंदणी करून अधिकृत स्पर्धा खेळवा.

किती थांबायचं

अमेरिकन फुटबॉल म्हणजे तो अंड्यासारख्या बॉलचा खेळ, त्यात डेट्रॉइट लायन्स नावाची टीम आहे, २००८ ला सोळाच्या सोळा हरली होती. २०२१ ला डॅन कॅम्पबेल कोच आला, पहिल्या अकरा मॅचमधे एकही विजय नाही, एक बरोबरी, पूर्ण सीझनमधे तीन विजय. दुसऱ्या वर्षी पहिल्या सातमधे एकच जिंकले. मालकीणबाईंनी तेव्हाही कोच काढला नाही. त्या सीझनच्या शेवटी नऊ जिंकून आठ हरले, अन् २०२३ च्या सीझनला बारा जिंकून तीस वर्षांनी आपला गट जिंकला. आमच्याकडं कोणी एवढं थांबत नाही, दोन मॅच हरल्या की चौकात कोच बदलतो.

म्हणून मंडळाला सुरुवातीलाच सांगा की पहिल्या वर्षी जिंकणं मोजायचं नाही. दुसरं काय मोजायचं ते लिहून द्या. सरासरी हजेरी किती, प्रति मॅच किती गोल खाल्ले, किती वेगवेगळे पोट्टे मैदानात उतरले, किती सोडून गेलेले वापस आले, वर्गणी देणारी घरं वाढली का. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही दोनच मॅच जिंकलो, पण सरावाला सरासरी सोळा जण यायला लागले होते. तो कागद मी ग्रामसभेच्या दिवशी हिशेबाच्या बाजूला चिकटवला, तेव्हा जे काका रात्री घरी येऊन फॉरवर्डसाठी भांडले होते त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला अन् म्हणाले, "बरं, यंदाचा टेम्पो माह्याकडून."

या आठवड्यात रजिस्टरचं पाचवं पुस्तक सुरू झालं. पहिली सही गोलकीपरची आहे, पाच वाजून वीस मिनिटं.